हमल, हमाल आणि दोन सीटची बाबागाडी

गेल्या महिन्यात पुण्याहून भाचीचा मेसेज आला. दोन फोटो आणि खाली एक ओळ : "मामू, इसमें की कौनसी लेऊ?" फोटो दोन लेकरांना एकदम बसवता येईल अशा बाबागाड्यांचे होते. एकीत दोन्ही सीट शेजारी शेजारी, दुसरीत एकामागे एक. तिचा थोरला दीड वर्षाचा आहे, धाकटी नुकतीच जन्मली. जावई सकाळी आठला कामावर जातो. एक कडेवर आणि एक छातीशी धरून तिसऱ्या मजल्यावरून दूध आणायला उतरायचं, तर माणसाला चार हात हवेत.

दुसऱ्या दिवशी तिनं एक स्क्रीनशॉट पाठवला, सोबत एक शब्दही नाही. गाडी खाली जिन्याजवळ ठेवली तर चालेल का, असं तिनं सोसायटीच्या ग्रुपवर विचारलं होतं. त्यावर एका सद्गृहस्थांचं उत्तर : "आता टू-सीटर, पुढच्या वर्षी मिनीबस आणणार का?" खाली हसणारे चेहरे. आणखी एकानं लिहिलं होतं, "त्यांच्यात असंच असतं."

कोणती गाडी घ्यायची हे फोनवर पाच मिनिटांत सांगता आलं असतं. पण त्या "त्यांच्यात"चं काय करायचं? म्हणून हा लेख. दोन लहान लेकरं एकदम सांभाळायची वेळ कुणाकुणावर आली, त्यांना कुणी वाहून नेलं आणि ही गाडी आली कुठून, ते जरा मागे जाऊन पाहू.

एक शब्द, दोन ओझी

आपल्या घरांत बाई गरोदर असली की "हमल से है" म्हणतात. बाजारात पोतं उचलणाऱ्याला आपण हमाल म्हणतो, आणि हा शब्द तर मराठीत सगळेच वापरतात. दोन्ही शब्द एकाच अरबी धातूपासून आले आहेत. ह-म-ल, म्हणजे वाहणं, ओझं उचलणं. कुरआनात आईचा उल्लेख येतो तोही या वाहण्याच्या कष्टासकट. सूरह अहकाफमध्ये गर्भ वाहणं आणि दूध तोडणं यांचा मिळून काळ तीस महिने सांगितला आहे. सूरह बकराच्या 233 व्या आयतीत पूर्ण दोन वर्षं दूध पाजण्याची गोष्ट येते, आणि त्याच आयतीत त्या आईच्या अन्नवस्त्राची जबाबदारी बापावर टाकली आहे. मूल आईनं वाहायचं, तर घराचं ओझं बापानं.

दोन वर्षांच्या दुधाला आणखी एक अर्थ आहे. अंगावर पाजणाऱ्या आईला बहुधा लगेच पुन्हा दिवस जात नाहीत. हा काही पक्का उपाय नव्हे, पण दोन बाळंतपणांत अंतर राखण्याचा माणसाला माहीत असलेला हा सर्वांत जुना मार्ग आहे. जाणीवपूर्वक अंतर ठेवण्याचाही विचार आपल्या परंपरेत आहे. पैगंबरांच्या (स.) काळात सहाबा अज्ल करत, म्हणजे गर्भ राहू नये याची काळजी घेत, असं हजरत जाबिर (रजि.) यांनी सांगितलं आहे. इमाम गजाली 1111 मध्ये वारले. त्यांनी 'इह्या'मध्ये या विषयावर सविस्तर लिहिलं, आणि बाईची तब्येत व जास्त लेकरांमुळे येणारी ओढाताण ही कारणं मान्य धरली. नऊशे वर्षांपूर्वीचा हा ग्रंथ आमच्या मदरशांतून आजही शिकवतात. "त्यांच्यात" म्हणणाऱ्यांच्या कानावर तो गेला नसावा.

हलीमांची गाढवी

तरीही दोन तान्ही लेकरं एकदम पदरात येतातच. कधी जुळी होतात, कधी अंतर चुकतं. आणि कधी एक आपलं असतं, दुसरं दुसऱ्याचं.

सीरतच्या सर्वांत जुन्या ग्रंथांत, इब्न इसहाक यांच्याकडे, हजरत हलीमा सादिया यांची हकीकत येते. दुष्काळाचं साल. बनू साद कबिल्याच्या बाया दूध पाजायला लेकरं मिळतात का हे पाहायला मक्केला निघाल्या. हलीमा एका मरतुकड्या गाढवीवर, सोबत नवरा, आणि थेंबभरही दूध न देणारी म्हातारी सांडणी. हलीमांच्या मांडीवर स्वतःचं तान्हं मूल होतंच. ते भुकेनं रडायचं, रात्रभर कुणाला झोप नसायची. गाढवी इतकी हळू चालायची की सोबतच्या बाया वैतागून जायच्या. मक्केत सगळ्यांना लेकरं मिळाली. उरला तो बाप नसलेला एक मुलगा. रिकाम्या हातानं परतण्यापेक्षा हलीमांनी त्यालाच घेतलं. परतताना तीच गाढवी सगळ्यांच्या पुढे धावू लागली, असं ही हकीकत सांगते.

लहानपणी मीलादमध्ये ही गोष्ट ऐकताना आमचं लक्ष गाढवीच्या धावण्याकडे असायचं. आज ती वाचताना मला त्या बाईचे हात दिसतात. एका छातीशी दोन लेकरं, खाली डुगडुगतं जनावर आणि समोर वाळवंटातली वाट.

या हकीकतीत आणखी एक पात्र आहे, हलीमांची थोरली मुलगी शैमा. लहानग्या मुहंमदांना (स.) कडेवर घेऊन हिंडायची ती. पुढे पन्नासहून जास्त वर्षं गेली. 630 मध्ये हुनैनच्या लढाईनंतर कैद्यांत एक म्हातारी सापडली. मी तुमच्या पैगंबरांची दूधबहीण आहे, असं ती सांगू लागली. खूण काय, असं विचारल्यावर तिनं पाठीवरचा चाव्याचा व्रण दाखवला. कडेवर घेतलं होतं तेव्हा तुम्ही चावला होतात. पैगंबरांनी (स.) ओळखलं, आपली चादर अंथरून तिला तीवर बसवलं आणि मानानं घरी पाठवलं.

कडेवर घेणाऱ्या बहिणीच्या पाठीवरचा हा व्रण लक्षात ठेवा. पुढे त्याच्याकडे परत यायचं आहे.

पैगंबर (स.) स्वतःही लेकरं वाहायचे, आणि लपून नव्हे. नात उमामा खांद्यावर असताना त्यांनी जमातीला नमाज पढवल्याचं बुखारीत आहे. सजद्याला जाताना तिला खाली ठेवायचे, उभं राहताना पुन्हा उचलायचे. एकदा ते खुतबा देत होते. लाल सदरे घातलेले हसन आणि हुसैन अडखळत, पडत समोरून आले. त्यांनी खुतबा थांबवला, मिंबरवरून उतरले, दोघांना उचलून आणलं, समोर बसवलं आणि पुढचं बोलणं सुरू केलं. तिरमिजी आणि अबू दाऊद दोन्हींत हे आहे. दोन लेकरं एकदम उचलणारा आजोबा मिंबरवर शोभत नाही, असं तेव्हा कुणाला वाटलं नाही.

सरदाराचं खेळणं, राणीची गरज

आता चाकांकडे वळू. लेकरांसाठी खास बनवलेली पहिली नामांकित गाडी इंग्लंडातली. 1733 मध्ये विल्यम केंट या वास्तुकारानं डेव्हनशायरच्या तिसऱ्या ड्यूकच्या मुलांसाठी ती केली. शिंपल्याच्या आकाराची टोपली, खाली चाकं, पुढे बकरी किंवा छोटं तट्टू जुंपायची सोय. सरदारांच्या लेकरांनी बागेत फेरी मारायचं ते खेळणं होतं. कुणाच्या हाताचं ओझं हलकं करण्याचा विचार त्यात नव्हता.

शंभर वर्षांनी दिवस बदलले. व्हिक्टोरिया राणीला पहिली मुलगी 21 नोव्हेंबर 1840 रोजी झाली आणि पहिला मुलगा 9 नोव्हेंबर 1841 रोजी. वर्ष पुरं व्हायला बारा दिवस कमी. 1857 पर्यंत तिला नऊ लेकरं झाली. बाळंतपणाचा तिला मनस्वी कंटाळा होता, तिच्या पत्रांत तो लपत नाही. मुलांना अंगावर पाजणंही तिला पसंत नव्हतं, त्यासाठी दाया ठेवलेल्या असत. पुढे तिची मुलगी अ‍ॅलिस स्वतः बाळाला पाजते हे कळल्यावर तिनं गोठ्यातल्या एका गाईला अ‍ॅलिसचं नाव दिलं. दोन बाळंतपणांतलं अंतर राजवाड्यात का टिकलं नाही, याचं एक कारण इथंच दिसतं.

आणि हे केवळ राजवाड्यापुरतं नव्हतं. 1860 च्या दशकात लग्न झालेल्या इंग्रज जोडप्यांना सरासरी सहाच्या आसपास लेकरं होत. दीड वर्षाचं एक आणि पोटात किंवा मांडीवर दुसरं, हा इंग्लंडच्या घराघरांतला देखावा होता. बाबागाडीचा धंदा भरभराटीला आला तो याच काळात. चार्ल्स बर्टन या माणसानं न्यूयॉर्कमध्ये मागून ढकलायची गाडी काढली. तोवर गाड्या पुढून ओढायच्या असत. वाटसरूंच्या पायांना चाकं लागू लागली, तक्रारी झाल्या. मग तो इंग्लंडला आला आणि 1853 मध्ये तिथं पेटंट घेतलं. मागून ढकलण्यात मोठा फायदा असा की लेकरू नजरेसमोर राहतं. 1889 मध्ये बाल्टिमोरच्या विल्यम रिचर्डसन या काळ्या संशोधकानं बाळाचं तोंड ढकलणाऱ्याकडे फिरवता येईल अशा रचनेचं पेटंट मिळवलं. लीड्समध्ये 1877 साली सुरू झालेली सिल्व्हर क्रॉस कंपनी तर अजून गाड्या विकते.

दोन लेकरांच्या गाड्याही आल्या. जुन्या घडणीच्या जुळ्या गाडीत एकाच लांब नावेसारख्या पेटीला दोन्ही टोकांना छत्र्या असत. लेकरं समोरासमोर, पाय मध्ये एकमेकांना लागलेले. अशी गाडी बागेत निघाली की खात्यापित्या घराची खूण समजली जाई. राणीला नऊ लेकरं म्हणून कुणी हसल्याची नोंद मला तरी सापडली नाही. लेकरांच्या संख्येला हसायचं की मुजरा करायचा, हे आई कोण आहे यावर ठरतं.

ढकलणारे हात

ही गाडी राणीनं ढकलली नाही, सरदारांच्या बायकांनीही नाही. ती ढकलली नोकराणीनं. आपल्याकडे साहेब आला तेव्हा सोबत गाडी आली आणि ती ढकलायला आया आली. साहेबाच्या लेकरांना नोकर "बाबा लोग" म्हणत. आपला 'बाबागाडी' शब्द उच्चारला की माझ्या कानाला तोच साहेबाचा बाबा ऐकू येतो.

या आयांत मुसलमान होत्या, हिंदू होत्या, ख्रिस्ती होत्या. मुंबईहून, कलकत्त्याहून, मद्रासहून मेमसाहेबांसोबत त्या बोटीनं विलायतेला जात. महिनाभर समुद्रावर साहेबाची लेकरं सांभाळायची, आणि लंडनला पोहोचल्यावर काही घरं त्यांना परतीच्या भाड्याशिवाय सोडून देत. अशा बायांसाठी लंडनमध्ये 'आयाज होम' चालवावं लागलं. 1900 मध्ये ते हॅकनी भागात आलं. त्या घरावर 2022 मध्ये निळी स्मृतिपट्टी लागली. ढकलणाऱ्या हातांची दखल घ्यायला इतका उशीर लागला. त्यांची स्वतःची लेकरं त्या काळात कुणाच्या कडेवर होती, हे कुठल्याही पट्टीवर लिहिलेलं नाही.

बहुधा थोरल्या बहिणीच्या. शैमाच्या पाठीवरचा व्रण इथं आठवतो. आपल्याकडच्या गरीब घरांतली बाबागाडी म्हणजे आठ-दहा वर्षांची मुलगी. मग ती आमच्या मोहल्ल्यातली असो, वाड्यातली असो की पाड्यावरची. आई कामाला गेली की धाकटं हिच्या कडेवर. शाळा सुटते ती तिथंच.

हे ज्यांच्या लक्षात आलं त्यांची नावं मराठी माणसानं विसरू नयेत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ. 1945 मध्ये त्यांनी ठाणे जिल्ह्यात बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. मुली शाळेत का येत नाहीत, तर कडेवर भावंडं आहेत म्हणून. मग त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. तिचं नाव विकासवाडी. धाकट्याला पाळण्यात टाकायचं, मधल्याला बालवाडीत बसवायचं आणि थोरलीनं वर्गात जायचं. मुलीच्या कडेवरचं ओझं शाळेनं उचलून घेतलं. माझ्या मते बाबागाडीच्या इतिहासातला हा फार मोठा शोध आहे, भले त्याला चाकं नसतील.

विमानाच्या पायांची गाडी

विलायतेत मात्र दोन महायुद्धांनंतर सामान्य घरांतून नोकर नाहीसे झाले. आता गाडी आईनंच ढकलायची, जिना तिनंच चढायचा, बसमध्ये तिनंच उचलायची. जुनी लोखंडी गाडी तिच्या हाताला पेलेना. ओवेन मॅक्लारेन हा निवृत्त विमान अभियंता. स्पिटफायर या लढाऊ विमानाच्या चाकांच्या पायांवर त्यानं काम केलं होतं. उड्डाणानंतर ते पाय दुमडून पंखांत जातात. परदेशातून आलेल्या मुलीचे नातवाच्या अवजड गाडीमुळे होणारे हाल त्यानं पाहिले आणि अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्यांची, छत्रीसारखी मिटणारी गाडी काढली. 1965 मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. वजन तीन किलोच्याही आत. आज आपल्या दुकानांत दिसणाऱ्या बहुतेक घडीच्या गाड्या तिच्याच लेकी. शेजारी शेजारी दोन सीटवाली म्हणजे अशा दोन छत्र्या एकमेकींना जोडलेल्या.

बाबागाडीची ही सगळी वाट पाहिली तर एक गोष्ट दिसते. गाडी बदलली ती लेकरांची संख्या पाहून नव्हे, ढकलणारा कोण आहे ते पाहून. बकरी होती तेव्हा खेळणं, आया होती तेव्हा अवजड थाट, एकटी आई उरली तेव्हा घडीची छत्री.

आणि ती मिनीबस

आता त्या सद्गृहस्थांच्या मिनीबसकडे येऊ. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे आकडे सरकारी आहेत, कुणीही पाहावेत. 1992-93 च्या पहिल्या सर्वेक्षणात देशातल्या मुस्लिम बाईमागे सरासरी 4.4 लेकरं होती, हिंदू बाईमागे 3.3. 2019-21 च्या पाचव्या सर्वेक्षणात हेच आकडे 2.36 आणि 1.94 झाले. म्हणजे तीस वर्षांत अंतर एकाहून जास्त होतं ते अर्ध्याच्याही आत आलं, आणि घट मुस्लिमांत जास्त झाली. इंग्रज घरांतही तेच घडलं. 1860 च्या दशकातल्या लग्नांत सहाच्या आसपास लेकरं, 1920 च्या दशकातल्या लग्नांत दोनच्या थोडी वर. मुली शिकल्या, लेकरं जगू लागली, शहरात खर्च वाढला, की पाळणे कमी होतात. त्यासाठी धर्म बदलावा लागत नाही.

माझ्या नानीला अकरा बाळंतपणं झाली, जगली सहा. अम्मीला आम्ही चौघं. बहिणीला दोन. भाचीलाही आता दोन, आणि बस, असं तिनं स्वतःच ठरवलंय. त्या मिनीबसची वाट पाहणाऱ्यांनी घरी जावं.

तर कोणती घ्यायची?

भाचीला मी फोनवर सांगितलं ते असं. आधी टेप घे आणि लिफ्टचं दार मोज. शेजारी शेजारी सीटवाली गाडी साधारण 75 ते 80 सेंटिमीटर रुंद असते. जुन्या इमारतीच्या लिफ्टमध्ये ती अडकते. एकामागे एकवाली अरुंद असते, पण लांब. फूटपाथवर चढवताना आणि वळवताना जोर लागतो, मागच्या सीटवरच्या बाळाला समोरचं कमी दिसतं. तान्ह्या बाळाची मान धरलेली नसते, त्यामुळे निदान एक सीट पूर्ण आडवी होणारी हवी. ती जमेपर्यंत धाकटीला ओढणीत छातीशी बांध आणि थोरल्याला साध्या गाडीत बसव. पट्टे खांद्यावरून, कमरेवरून आणि पायांमधून येणारे पाहा. मूठीला भाजीची पिशवी लटकवू नकोस, थोरला उतरला की गाडी मागे पलटते. आणि घ्यायच्या आधी तुझ्या नवऱ्याला ती मिटवून तीन मजले उचलून न्यायला सांग. अशा गाड्यांचं वजन बारा-पंधरा किलो सहज भरतं. लिफ्ट बंद पडेल त्या दिवशी हमाल मिळणार नाही.

शेवटी गाडी दुकानातून घ्यावीच लागली नाही. ग्रुपवरची चर्चा वाचून बी विंगमधल्या एका बाईंनी भाचीला वेगळा मेसेज केला. त्यांची जुळी मुलं आता तीन वर्षांची झाली, एकामागे एक सीटवाली त्यांची गाडी गॅलरीत धूळ खात होती. घेऊन जा म्हणाल्या. दोन वर्षं त्या ती गाडी त्याच जिन्याजवळ ठेवत होत्या. तेव्हा ग्रुपवर मिनीबस कुणाला आठवली नव्हती, हे त्यांनीच भाचीला सांगितलं.

परवा संध्याकाळचा फोटो आला. गाडी जावई ढकलतोय. मागच्या सीटवर धाकटी झोपलेली, पुढच्या सीटवर दुधाच्या दोन पिशव्या. थोरला गाडीत नाहीच. तो बापाच्या खांद्यावर बसलाय, दोन्ही हातांनी त्याचे केस धरून.